राउंडला ग्रंथपालही हवेत

ॲस्पिरिनने हृदयविकाराचा झटका टळतो, हे अमेरिकेतल्या ज्या मोठ्या अभ्यासामुळे ठसलं, त्यात २२,०७१ डॉक्टर होते. सगळे पुरुष. त्यांच्यात झटके ४४ टक्क्यांनी कमी झाले. पुढे जवळजवळ ४० हजार निरोगी बायकांवर दहा वर्षं अभ्यास झाला. त्याचा निकाल २००५ साली आला: एकूणात झटके कमी झालेच नाहीत, पक्षाघात मात्र १७ टक्क्यांनी घटला. औषध तेच, पण फायदा दुसराच!

झोपेच्या झोल्पिडेमचंही तसंच. बायकांच्या शरीरातून ते सावकाश बाहेर पडतं, सकाळी गाडी चालवतानाही अंमल राहू शकतो. अमेरिकेत त्याला १९९२ साली मंजुरी मिळाली. बायकांसाठी डोस दहावरून पाच मिलिग्रॅम करायला २०१३ उजाडलं. मला याचा खरंच संताप येतो.

आता बायकांवरही अभ्यास होतायत, पण ओपीडीत शंभर पेशंट बसलेले असताना डॉक्टर ते कधी शोधणार? हे काम ग्रंथपालाचं आहे, असं माझं ठाम मत आहे. आणि ते वाटतं तितकं सोपं नाही. मेडलाइन या वैद्यकीय लेखांच्या सूचीत लेखाला 'मेल', 'फीमेल' अशा खुणा असतात. अभ्यासात दोघं असले की दोन्ही खुणा लागतात. पण बायकांचे आकडे वेगळे काढलेत की सगळ्यांची एकच सरासरी दिलीय, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी 'सेक्स फॅक्टर्स' (म्हणजे स्त्री-पुरुष फरक) या विषयसंज्ञेनेही शोधावं लागतं. तरी काही निसटतंच, मग लेख उघडून एकेक तक्ता बघायचा. मुरलेला ग्रंथपाल हे करतो.

गर्ट्रूड लॅम्ब या ग्रंथपाल बाईंनी १९७१ साली अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत ग्रंथपालांना डॉक्टरांबरोबर राउंडला पाठवायला सुरुवात केली. खाटेपाशी प्रश्न निघाला की ग्रंथपाल जाऊन त्यावरचे लेख काढून आणायचे. आपल्याकडे मेडिकल कॉलेजच्या ग्रंथपालांना मी बहुतेक वेळा जर्नलची वर्गणी, प्रबंधांची वाङ्मयचौर्य तपासणी आणि इन्स्पेक्शनच्या फायली यांतच अडकलेलं बघते. एवढं शिकलेलं माणूस आणि त्याला वॉर्डात कोणी बोलावत नाही!

डीन मंडळींना माझी कळकळीची विनंती आहे, निदान मेडिसिनच्या एका युनिटपासून सुरुवात करा. आठवड्यातून एका राउंडला ग्रंथपालांना सोबत न्या. बाईला रक्तदाबाची, झोपेची, हृदयाची गोळी लिहिली जात असेल, तर त्या औषधाच्या अभ्यासात बायका किती होत्या आणि त्यांचा निकाल वेगळा दिलाय का, एवढं त्यांना शोधायला सांगा. उत्तर पुढच्या राउंडच्या आत युनिटच्या हातात पडू दे.