‘भरती झाला तरच कळवा’ हा सल्ला कुठल्या कायद्यातला?

कारखान्यांचे व्यवस्थापक आणि ठेकेदार यांच्यात एक संदेश बराच फिरतो आहे. त्याचा गोषवारा असा: कामगार रुग्णालयात भरती झाला तरच अपघात सरकारला कळवायचा, चूक त्याचीच असेल तर कळवायचा नाही, ठेकेदाराचा माणूस असेल तर ठेकेदार बघून घेईल, येता-जाता झालेला अपघात मोजायचाच नाही, आणि एकदा कळवलं की भरपाई गळ्यात पडलीच.

सगळ्यात मोठा घोळ पहिल्याच वाक्यात आहे. भरतीची अट अमेरिकेच्या नियमांत सापडते. तिथे मृत्यू ८ तासांत कळवावा लागतो, आणि रुग्णालयात दाखल करावं लागलं, अवयव तुटला किंवा डोळा गेला तर २४ तासांत. म्हणजे बोट तुटलेला माणूस टाके घालून त्याच दिवशी घरी गेला तरी अमेरिकेतही कळवावंच लागतं. भारतात मोजमाप निराळं आहे. आधीच्या कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ८८ नुसार मृत्यू झाला, किंवा अपघातानंतर लगेचचे ४८ तास वा त्याहून जास्त काळ जखमीला काम करता आलं नाही, की नोटीस द्यावी लागे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेच्या कलम १० मध्येही तेच ४८ तास आहेत. खाटेचा प्रश्न दोन्हीकडे येत नाही. पाठ धरल्यामुळे तीन दिवस घरी पडून राहिलेला हमाल यात बसतो.

या ४८ तासांवर एक पळवाट काढलेली आहे, आणि ती संदेशात नसली तरी सगळ्यांना ठाऊक आहे. हाताला बँडेज बांधलेल्या लेथ (धातू कातण्याचं यंत्र) ऑपरेटरला दुसऱ्या दिवशी बोलावून घ्यायचं, हजेरी लावायची आणि स्टोअरमध्ये खुर्चीवर बसवून ठेवायचं. कागदावर माणूस कामावर! माझ्या मते ही निव्वळ चलाखी आहे. ज्याला लेथ चालवता येत नाही, त्याला त्याचं काम करता येत नाही, एवढं साधं आहे. ब्रिटनमध्ये मुदत सात दिवसांहून जास्त, म्हणजे आपल्यापेक्षा कितीतरी सैल. पण तिथे प्रश्न नेहमीचं काम करता येतं का, असाच विचारतात, आणि सुट्टीचे दिवसही मोजतात. अमेरिकेत हलकं काम द्यावं लागलं तरी कंपनीच्या दुखापत-नोंदवहीत ते लिहावं लागतं. साप्ताहिक सुट्टी वजा करून ४८ तास मोजणाऱ्यांनाही हेच सांगणं: कायद्यात तास लिहिले आहेत, पाळ्या नाहीत.

कुणालाही खरचटलं नसताना कळवावे लागणारे प्रसंगही असतात. क्रेन कोसळली, दाबाखालची टाकी फुटली, अशा नियमांत ठरवून दिलेल्या धोकादायक घटनांची नोटीस दुखापत झाली नसली तरी द्यायची असते. सिलिकोसिस (धुळीने होणारा फुफ्फुसाचा आजार), शिशाची विषबाधा, आवाजाने आलेला बहिरेपणा हे कायद्याच्या अनुसूचीतले आजार तर व्यवस्थापकाने कळवायचेच, शिवाय उपचार करणाऱ्या डॉक्टरनेही. ‘भरती झाला का?’ एवढंच विचारणाऱ्याला हे दिसणारच नाही.

चूक कुणाची, हा मुद्दा कळवण्याच्या कलमात कुठेच नाही. तो येतो भरपाईच्या कायद्यात. नशेत असणं, सुरक्षेचा स्पष्ट आदेश जाणूनबुजून मोडणं, यंत्राचं गार्ड (संरक्षक आवरण) मुद्दाम काढणं अशा कारणांनी मालक भरपाई नाकारू शकतो. तेही मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं नसेल तरच. शिवाय गार्ड खरोखर कामगाराने काढलं, की उत्पादन वाढावं म्हणून ते आधीपासूनच काढून ठेवलेलं होतं, हे चौकशीतच कळेल. नोटीसच गेली नाही तर चौकशी कसली?

ठेकेदाराबद्दल थोडक्यात: संहितेच्या कलम १० मध्ये ‘जखमी व्यक्ती’ म्हटलं आहे, ती कुणाच्या पगारपत्रकावर आहे हे विचारलेलं नाही, आणि नोटीस देण्याची जबाबदारी कारखान्याच्या मालकावर किंवा व्यवस्थापकावर टाकली आहे.

येण्या-जाण्याचा मुद्दा मात्र अर्धा बरोबर आहे. कलम १० आस्थापनेतल्या जागेवर घडलेल्या अपघाताबद्दल बोलतं, त्यामुळे रस्त्यावर दुचाकी घसरली तर सहसा ही नोटीस लागत नाही. पण म्हणून तो अपघात कामाशी संबंधित नाही, असं होत नाही. कर्मचारी राज्य विमा कायद्यात २०१० मध्येच अशा अपघातांना जागा दिली गेली. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने साखर कारखान्याच्या एका रखवालदाराच्या प्रकरणात नुकसानभरपाईच्या कायद्यालाही तोच अर्थ लावला. पहाटे तीनच्या पाळीला निघालेला हा माणूस वाटेतच अपघातात मरण पावला होता. अर्थात वेळ, जागा आणि काम यांचा एकमेकांशी संबंध दाखवावा लागतो.

राहिली भरपाई गळ्यात पडण्याची भीती. ४८ तास हे कळवण्याचं मोजमाप. तीन दिवसांपर्यंतच्या असमर्थतेला नुकसानभरपाई नाही, हे भरपाईचं. आणि हातापायाचं हाड मोडलं, दृष्टी किंवा श्रवणशक्ती कायमची गेली किंवा वीस दिवसांहून जास्त कामावर येता आलं नाही, तर ती गंभीर दुखापत. तिचा वेगळा अहवाल सात दिवसांत भरपाईच्या प्राधिकाऱ्याकडे जातो. तिन्ही आकडे एकाच पोतडीत भरले की असा संदेश तयार होतो. नोटिशीत काय झालं, कुठे, केव्हा आणि कुणाला लागलं हे असतं. नोटीस देणं म्हणजे दोष कबूल करणं नव्हे. अमेरिकेच्या नियमांत तर स्पष्टच लिहिलं आहे की दुखापत नोंदवली म्हणजे मालक किंवा कामगार दोषी ठरत नाही आणि भरपाईचा हक्कही ठरत नाही. उलट न कळवल्याबद्दल स्वतंत्र दंड होऊ शकतो, आणि दवाखान्याच्या केसपेपरवर ‘यंत्रात हात अडकला’ असं तारखेसकट लिहिलेलं असताना अपघात लपवणंही सोपं नाही.