काडतुसांच्या नोंदीवरचा तो फॉरवर्ड, आणि आईची उडालेली झोप

परवा रात्री साडेदहाला कुडाळहून आईचा फोन, "अरे, दादाच्या घरात पोलीस शिरणार काय?" दादा कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोजवळ राहतो, मागच्या वर्षी शेजारी चोरी झाली तेव्हा त्याने पिस्तूल घेतलं. त्यानेच फॅमिली ग्रुपवर एक लांबलचक फॉरवर्ड टाकला होता. दुकानदाराने गोळ्या कुणाला विकल्या ते लिहून ठेवायचा कायदा म्हणे बिनकामाचा, कारण गुन्हेगार दुकानात जातच नाहीत. अमेरिकेने तो एकदा करून सोडून दिला. ही यादी म्हणजे बंदुका जप्त करायची तयारी. आणि भारतात असलं काही नाही, गावचा शेतकरीसुद्धा विनाचौकशी काडतुसं आणतो.

शेवटचं आधी घेतो कारण ते वाचून माझं डोकंच फिरलं. दादा, आपल्या मामाकडे शेती संरक्षणाचा परवाना आहे, डुकरं आणि माकडं बागेत शिरतात म्हणून घेतलेला. एका वेळी किती काडतुसं आणि वर्षाला किती, हे त्या परवान्यावरच लिहिलेलं असतं, आणि दर खरेदीला दुकानदार त्याच्यावर तारीख, प्रकार, नग लिहून सही करतो. तू स्वतः मामाबरोबर त्या दुकानात गेलायस, तिथे उभं राहून बघितलंयस, आणि तरी हे फॉरवर्ड केलंस?

आता मुख्य मुद्दा, गुन्हेगार दुकानात जात नाहीत. हे ऐकायला इतकं पटतं की कुणी तपासतच नाही, पण लॉस एंजेलिसमध्ये तपासलंय. त्या शहरात गोळ्या घेताना गिऱ्हाइकाचं नाव-पत्ता लिहून अंगठ्याचा ठसा घ्यायचा नियम होता. संशोधकांनी एप्रिल आणि मे २००४ मधल्या विक्रीच्या नोंदी घेऊन गुन्ह्यांच्या रेकॉर्डशी ताडून बघितल्या, आणि २००६ मध्ये 'इंज्युरी प्रिव्हेन्शन' या जर्नलमध्ये निष्कर्ष छापले. कायद्याने गोळी बाळगायलाच बंदी असलेली ५२ माणसं सापडली, म्हणजे गिऱ्हाइकांपैकी २.६ टक्के. टक्केवारी छोटी वाटते ना, मग पुढचं वाच, त्यांनी दोन महिन्यांत मिळून १०,०५० गोळ्या नेल्या. एकाच शहरातून, काउंटरवर उभं राहून, नाव सांगून, अंगठा लावून! यातल्या बहुतेकांवर आधीचे गंभीर गुन्हे होते, आणि अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात अशा माणसाने गोळी जवळ ठेवणं हाच गुन्हा आहे. पण वहीत नाव नसेल तर हे कळणार कुणाला?

अमेरिकेने कायदा सोडून दिला हे अर्धं खरं आहे, मान्य करतो. १९६८ च्या गन कंट्रोल ॲक्टने दुकानदारांना गोळ्यांची विक्री लिहायला लावली, आणि १९८६ च्या नव्या कायद्याने ते कलम काढून टाकलं. बंदुकांचं खातं सांभाळणाऱ्या एटीएफनेच तेव्हा सांगितलं की या नोंदींचा तपासाला फारसा उपयोग नाही. बरोबर, पण त्या वह्या दुकानातच पडून असायच्या, नावं ताडून बघायची सोय त्या कायद्यात नव्हती. लॉस एंजेलिसमध्ये ताडून बघितली तर लगेच ५२ जण निघाले, मग दोष वहीचा की न उघडणाऱ्याचा?

जप्तीच्या यादीबद्दल जास्त लिहीत नाही. ज्या १९८६ च्या कायद्याचा तो मेसेज एवढा अभिमान बाळगतो, त्याच कायद्याने केंद्र सरकारला बंदूकमालकांचं रजिस्टर बनवायला मनाई केलीय. कॅलिफोर्नियात २०१९ पासून गोळ्यांची खरेदी राज्याच्या न्याय खात्याकडे नोंदली जाते हे खरं, आणि पत्ता किंवा नावाचं स्पेलिंग जुळलं नाही म्हणून साध्या माणसांना परत पाठवल्याच्या तक्रारीही खऱ्या आहेत, त्या सुधारायलाच हव्यात. शिवाय खरेदीआधी गिऱ्हाइकाला बंदी तर नाही ना हे बघायच्या तपासणीवर कोर्टात भांडण झालंय, जुलै २०२५ मध्ये तीन जजांच्या पीठाने २ विरुद्ध १ असा तिच्या विरोधात निकाल दिला. पण ते भांडण तपासणीचं आहे. नाव लिहून घेतलं म्हणून उद्या दारात पोलीस येतील, हे त्यातून कुठे निघतं?

आई ७४ वर्षांची आहे, बीपीची गोळी घेते, आणि दोन रात्री ती तुझ्या काळजीने जागी आहे. मी सांगून तिला पटत नाहीये दादा. तो मेसेज ग्रुपवरून काढ आणि आज तिकडे सकाळ झाली की तिला स्वतः फोन कर.