दोन सर्व्हर आणि एक विरजण

आमच्या कार्यालयाचा डेटाबेस नेमका कोठे राहतो, हे मला सोळा वर्षांच्या नोकरीत कळलेले नाही. तो बंद पडला की पुण्याला फोन करायचा आणि 'बघतो' एवढे उत्तर मिळाले की चहा सांगायचा, येथपर्यंतच माझे तांत्रिक ज्ञान होते. गेल्या दिवाळीत मात्र याच क्षेत्रात नोकरी करणारा भाचा म्हणाला, "मामा, तुम्हीच शिका की हे. त्यात काय एवढं?" भाच्यासमोर 'अवघड आहे' असे म्हणणे कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतील माणसाला जमत नाही, म्हणून मी डेटाबेसचा कारभारी व्हायचे ठरवले.

या विद्येची अडचण अशी की ती मोडतोड केल्याशिवाय येत नाही आणि मोडतोडीसाठी आपला चालता सर्व्हर कोणी देत नाही. खासबागेत उतरणारा मल्ल त्याआधी तालमीच्या लाल मातीत शेकडो वेळा पाठीवर पडलेला असतो. संगणकातील तशी माती म्हणजे व्हर्च्युअल मशीन, खऱ्या संगणकाच्या आत चालणारा लटका संगणक. लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स बसवायचे, त्याच्या पोटात लिनक्सचे दोन संगणक उभे करायचे, त्यांवर पोस्टग्रेस हा डेटाबेस चालवायचा आणि मनसोक्त मोडायचे. बाहेरच्या विंडोजला त्याची झळ लागत नाही, असे भाच्याने सांगितले होते. विंडोजला लागली नसेल, घराला मात्र पहिल्याच आठवड्यात लागली.

सुरुवातीच्या दोन संध्याकाळी तर मशीन उठेचना, कारण प्रोसेसरमधील त्यासाठीची सोय बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये, बंद होती. ती चालू केल्यावर वाटणीचा प्रश्न आला. लॅपटॉपची रॅम ८ जीबी. त्यातील निम्मी विंडोज काही न करता बसल्या जागी खाते, हे ठाऊक नसल्यामुळे मी दोन्ही मशीनना उदारपणे तीन-तीन जीबी लिहून दिले. घरात तीन खोल्या असताना पाच भावांच्या नावे दोन-दोन खोल्या लिहिल्यावर जे होते, ते झाले. माउसचा बाण निघायचा तो चहा पिऊन पोहोचायचा. "सर्व्हरला डेस्कटॉप कशाला लावलाय, मामा? काळा पडदा पुरे," असे भाच्याने सुनावल्यावर मी नुसत्या काळ्या पडद्यावर दोघांना एकेक जीबीत बसवले आणि दोघेही निमूटपणे नांदू लागले. पोस्टग्रेस याबाबतीत फार सोशीक आहे. त्याची आपली मागणी मुळात १२८ एमबीची असते.

मग नेटवर्कवरच्या पत्त्याचा घोळ झाला. थोरल्याला, म्हणजे प्रायमरी सर्व्हरला, पत्ता विचारला तर तो १०.०.२.१५ सांगे. धाकट्याला, म्हणजे त्याची नक्कल ठेवणाऱ्या स्टँडबायला, विचारले तर तोही १०.०.२.१५. आमच्या पेठेत प्रत्येक जण 'तालमीजवळ' राहतो, त्यातलाच हा प्रकार. फरक एवढाच की येथे प्रत्येकाची तालीम वेगळी होती. नॅट पद्धतीच्या जोडणीत व्हर्च्युअलबॉक्स प्रत्येक मशीनला स्वतंत्र कोंडवाडा देतो, आणि सगळ्या कोंडवाड्यांतले क्रमांक सारखेच असतात. शेवटी दोघांना होस्ट-ओन्लीचे, म्हणजे लॅपटॉपच्या आतल्या आत बोलणारे, दुसरे नेटवर्क कार्ड जोडून १९२.१६८.५६ च्या गल्लीत आणले, तेव्हा सख्ख्या भावांची ओळख झाली.

नक्कल कशी चालते हे समजल्यावर मला आपलेपणा वाटला, कारण माझे आयुष्य हिशेबाच्या वह्यांत गेले आहे. पोस्टग्रेस कोणताही बदल आधी वॉल नावाच्या रोजकीर्दीत लिहितो, आणि मूळ खतावणीची पाने मागाहून सावकाश भरतो. धाकटा ती रोजकीर्द मागवून आपली खतावणी तशीच भरत राहतो. धाकट्याने किती वाचले याची खूण थोरल्याजवळ राहावी म्हणून रिप्लिकेशन स्लॉट नावाची सोय असते. धाकट्याने वाचल्याशिवाय एकही पान फाडायचे नाही, असा थोरल्याचा शब्द असतो. हा शब्द किती महागात पडतो, ते पुढे आलेच.

दरम्यान डिसेंबर उजाडला. रात्रभर काही तरी काम चालू असावे म्हणून मी पीजीबेंच या साधनाने खोट्या बँकेचे खोटे व्यवहार सोडून झोपत असे. पंखा असा घरघरे की सौ. झोपेत "अहो, मिक्सर बंद करा की" असे म्हणत. आईने मात्र तक्रार केली नाही. थंडीत दही लागत नाही, हे तिचे जुने दुःख; लॅपटॉपच्या ज्या बाजूने गरम वारा येतो, तेथे तिने विरजणाचे पातेले ठेवायला सुरुवात केली. दही असे घट्ट लागू लागले की शेजारून विरजणासाठी वाट्या आल्या.

एका रात्री रॅम वाचवावी म्हणून मी धाकट्याला बंद केले आणि थोरल्यावर व्यवहारांचा जोर वाढवून झोपलो. सकाळी सहा वाजता आई उशाशी उभी. "दही लागलं न्हाई आज. तुझं मशीन बंद पडलं काय रे रात्री?"

पडले होते. धाकटा वाचायला नाही, म्हणून शब्दाचा पक्का थोरला रोजकीर्दीची एकही फाईल टाकून देईना. १६ एमबीची एकेक फाईल साचत त्याची २० जीबीची डिस्क काठोकाठ भरली आणि जागा नाही असे सांगून त्याने प्राण सोडला. जुलै-ऑगस्टमध्ये पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी दिवसातून दहा वेळा विचारणारा मी, ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका हे झोपेतही सांगू शकणारा, माझ्याच डिस्कची पातळी एकदाही न पाहता झोपलो होतो. त्यावर मी केले ते आणखी थोर होते. जागा करावी म्हणून रोजकीर्दीच्या फायली हाताने पुसल्या. त्यानंतर थोरला उठण्याची आशाही उरली नाही.

"मामा, त्या फोल्डरला हात लावायचा नसतो," असे भाचा फोनवर म्हणाला, ते हसू आवरत. मग उपाशी ठेवलेल्या धाकट्यालाच उठवून बढती दिली. तो एका आज्ञेत प्रायमरी झाला. रात्रीचे व्यवहार तेवढे त्याच्या वहीत नव्हते. बँक खोटी होती म्हणून मी घरी आहे.

राधानगरीला शाहू महाराजांच्या धरणाचे स्वयंचलित दरवाजे पाणी भरले की आपोआप उघडतात. तसा दरवाजा पोस्टग्रेसलाही आहे, स्लॉटने किती रोजकीर्द अडवावी याची मर्यादा घालणारा. २०२० च्या तेराव्या आवृत्तीपासून आलेला. पण तो आपण बसवायचा असतो. मुळात त्याची किंमत उणे एक, म्हणजे कितीही साचू दे. मी तो ४ जीबीवर बसवला, नवा धाकटा उभा केला आणि रात्रीचे व्यवहार बंद ठेवायचे ठरवले.

ते ठरवणे एकच रात्र टिकले. हल्ली दिवे मालवण्यापूर्वी आई पातेले हातात घेऊन दारात उभी राहते आणि विचारते, "लावलास काय रे लोड? मग विरजते."