'डॉटर' ही 'दुहिता'ची लेक नव्हे, बहीण

इंग्रजी 'डॉटर' हा संस्कृत 'दुहिता'चा अपभ्रंश आहे, हा संदेश पुन्हा पुन्हा फिरत येतो. त्यात तीन दावे असतात: शब्द भारतातून युरोपात गेला, दुहिता म्हणजे गाय दोहणारी, आणि संस्कृत ही युरोपीय भाषांची जननी असल्याचं ब्रिटिश भाषापंडित विल्यम जोन्सनेच मान्य केलं. दोन्ही शब्दांचं नातं खरं आहे. पण ते मायलेकीचं नाही.

पहिला दावा ध्वनींपाशीच अडतो. संस्कृतात मूळचा 'द' असतो तिथे इंग्रजीत 'ट' येतो: दश–टेन, द्वि–टू, दन्त–टूथ. जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिमने १८२२ मध्ये ही संगती नियमात बसवली. 'दुहिता' हे मूळ असतं, तर इंग्रजी शब्द 'ट'ने सुरू झाला असता. तो 'ड'ने होतो, कारण दोन्हींच्या समान मूळ शब्दाच्या आरंभी 'ध' होता; ग्रीक 'थुगातेर'मधला 'थ' त्याचीच खूण. संस्कृतात पुढे दुसरा महाप्राण ('ह'कार मिसळलेला वर्ण) असल्यामुळे त्या 'ध'चा 'द' झाला. मधला 'ह'सुद्धा झिजलेला आहे: ग्रीकमध्ये तिथे 'ग', लिथुआनियन 'दुक्ते'त 'क', फारसी 'दुख्तर'मध्ये 'ख'. म्हणजे संस्कृत रूपही बदललेलंच आहे. (जर्मन 'टोख्टर'चा 'ट' नंतरचा; इंग्रजी 'डे' तिथे 'टाग' होतो तसा.)

इंग्रजी, जर्मन वगैरेंच्या समान पूर्वज भाषेतलं, म्हणजे प्राक्-जर्मानिक, रूप 'दुह्तेर' असं मांडतात. ते तर्काने उभं केलेलं आहे, म्हणून भाषाशास्त्रात त्याआधी तारा (*) काढतात. पण तर्क हवेत नाही: चौथ्या शतकातल्या गॉथिक या जुन्या जर्मानिक भाषेतल्या बायबलात 'दोह्तर' आहे आणि नॉर्वेतल्या ट्यूनच्या शिलालेखात, सुमारे इ. स. ४०० मध्ये, तीन मुलींचा उल्लेख 'दोह्त्रिझ' असा आहे. मला हा दगड फार मोलाचा वाटतो.

'दोहणारी' हा अर्थ जुना आहे, पण एकमेव नाही. प्राचीन व्युत्पत्तिकार यास्काने आपल्या 'निरुक्त' या ग्रंथात 'दुर्हिता' (जिचं हित साधणं कठीण), 'दूरे हिता' (दूर असलेली बरी) आणि मग 'दोग्धेर्वा' (किंवा 'दोहणे' या धातूवरून) असे तीन पर्याय दिले. संदेशात त्यातला एकच उरतो.

आणि जोन्स? २ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्यात तो म्हणाला की संस्कृत, ग्रीक, लॅटिन एकाच समान उगमातून आल्या असाव्यात, आणि तो उगम कदाचित आज उरलेला नाही. जननी हा शब्द त्याच्या तोंडी घातलेला आहे.

दुहितेच्या खऱ्या लेकी इथेच आहेत: पालीतली 'धीता', प्राकृतातली 'धूआ', आणि गोव्यात आजही मुलीला म्हणतात ती 'धूव'.