बदला आणि स्वसंरक्षण

२० ऑगस्ट २०२४ रोजी बदलापूर स्थानकात रुळांवर उतरलेल्या लोकांचा राग जितका आरोपीवर होता तितकाच पोलिसांवरही होता, याचा आता बहुतेकांना विसर पडला आहे. शाळेत चार वर्षांच्या दोन मुलींवर अत्याचार झाला होता आणि तक्रार द्यायला गेलेल्या पालकांना पोलीस ठाण्यात कितीतरी तास ताटकळत बसवून ठेवले होते. त्या दिवशी जवळपास दहा तास गाड्या बंद राहिल्या, संध्याकाळी लाठीमार झाला आणि सुमारे ३०० आंदोलकांवर गुन्हे दाखल झाले. त्यानंतर ३४ दिवसांनी, २३ सप्टेंबरच्या संध्याकाळी, तळोजा कारागृहातून पोलिसांच्या गाडीतून नेला जात असलेला आरोपी मुंब्रा बायपासजवळ डोक्यात गोळी लागून ठार झाला. त्या रात्री फटाके वाजले, पेढे वाटले गेले. ज्या खात्यावर महिन्याभरापूर्वी कोणाचा काडीचा विश्वास नव्हता, त्याच खात्याचा आता जयजयकार सुरू होता.

दोन दिवसांतच मुंबईत फलक लागले. तेव्हा गृहखाते सांभाळणाऱ्या देवेंद्र फडणवीसांच्या हातात पिस्तूल आणि शेजारी ‘बदला पुरा’ हे दोन शब्द. विधानसभेची निवडणूक दोन महिन्यांवर होती, त्यामुळे फलक कोणी आणि का लावले याची फोड करत बसण्यात अर्थ नाही. मला अडते ते त्या दोन शब्दांशी. पोलिसांचे म्हणणे असे होते की आरोपीने गाडीत एका अधिकाऱ्याचे पिस्तूल हिसकावून गोळीबार केला आणि त्यांना स्वसंरक्षणार्थ गोळी झाडावी लागली. हे खरे मानले तर तो एक दुर्दैवी, अनपेक्षित प्रसंग ठरतो. त्यात बदला कसला आणि तो पुरा होणार कसा? उलट बदला खरा मानला, तर स्वसंरक्षणाची कथा खोटी ठरते. म्हणजे पेढे वाटणाऱ्यांपैकी कोणाचाही पोलिसांच्या निवेदनावर विश्वास नव्हता. ते निवेदन खोटे आहे असे वाटले, म्हणूनच त्यांना आनंद झाला. पोलिसांवर शंका घेणाऱ्यांना त्या आठवड्यात ‘आरोपीचे वकील’ म्हटले गेले. प्रत्यक्षात दोन्ही बाजूंचा निष्कर्ष एकच होता, फरक फक्त त्यावरच्या आनंदाचा होता.

मी काही वर्षे एका दैनिकात उपसंपादक होते, त्यामुळे या प्रकारात आमच्या व्यवसायाचा वाटा किती, हे मला जवळून ठाऊक आहे. रात्री पान सोडायची वेळ झालेली असते, हाताशी पोलिसांची प्रेस नोट असते आणि दुसरा कोणताही साक्षीदार नसतो. ‘पोलिसांचे म्हणणे आहे की’ हे शब्द मथळ्यात मावत नाहीत, म्हणून ते गळतात, आणि पोलिसांचा दावा सकाळी बातमी होऊन घरोघरी पोहोचतो. मराठी वृत्तपत्रांनी तर यासाठी खास शब्दसंपत्तीच घडवली आहे. गुंडाचा ‘खात्मा’ होतो, नक्षलवाद्याला ‘कंठस्नान’ घातले जाते आणि अधिकारी ‘चकमकफेम’ होतो. मीही हे शब्द वापरले आहेत. अक्षरे कमी लागतात हे एक कारण, आणि ते वाचकाला आवडतात हे दुसरे. याच ‘फेम’पैकी सर्वांत गाजलेल्या एका अधिकाऱ्याला मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये, २००६ सालच्या बनावट चकमकीबद्दल, जन्मठेप सुनावली. तरी तो शब्द वापरातून गेलेला नाही.

पोलिसांचे पहिले निवेदन किती चिवट असते, हे घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात दिसले. ११ जुलै १९९७ रोजी राज्य राखीव पोलीस दलाच्या गोळीबारात तिथे दहा जण मारले गेले, आणि जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता म्हणून गोळीबार करावा लागला, असे कारण सांगितले गेले. चौकशीसाठी नेमलेल्या गुंडेवार आयोगाने ते फेटाळले. पण त्या काळाबद्दल बोलताना ‘टँकरचे काय?’ असे विचारणारे मला आजही भेटतात. मेलेली माणसे कोणत्या वस्तीतली होती यावर कोणाला कोणते निवेदन पटते हे ठरते, असे माझे स्पष्ट मत आहे.

मुंबईत १९९५ ते १९९७ या काळात झालेल्या ९९ चकमकींवरून, ज्यांत सुमारे १३५ जण मारले गेले होते, एक याचिका झाली होती. तिच्यावर सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निकालात सोळा नियम घालून दिले आहेत: तपास सीआयडीने किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाने करावा, दंडाधिकाऱ्यांची चौकशी व्हावी, शौर्य निःसंशय सिद्ध होईपर्यंत शौर्यपदक किंवा मुदतपूर्व बढती देऊ नये. त्या निकालाची तारीख २३ सप्टेंबर २०१४. बरोबर दहा वर्षांनी, त्याच तारखेला, मुंब्र्याची गोळी झाडली गेली. हा योगायोग माझ्या पाहण्यात तरी कोणत्याही वाहिनीने सांगितला नाही.

हैदराबादची गोष्ट बदलापूरहून जुनी आणि अधिक स्पष्ट आहे. ६ डिसेंबर २०१९ च्या पहाटे एका तरुण डॉक्टरवरील बलात्कार आणि खुनाच्या प्रकरणातले चार आरोपी पोलिसांच्या गोळ्यांनी मारले गेले, लोकांनी पोलिसांवर फुले उधळली, बायकांनी त्यांना राख्या बांधल्या. आमच्या घरच्या व्हॉट्सॲप गटावर मी टाळ्यांचे चिन्ह टाकले होते. ते आजही तिथे आहे. न्याय कधीच तडकाफडकी होऊ शकत नाही, असे तेव्हाचे सरन्यायाधीश शरद बोबडे दुसऱ्याच दिवशी म्हणाले, तेव्हा मला ते बोलणे कोरडे वाटले होते. पुढे या चकमकीच्या चौकशीसाठी नेमलेल्या न्यायमूर्ती विकास सिरपूरकर यांच्या आयोगाचा अहवाल आला. ठार मारण्याच्या हेतूनेच गोळ्या झाडल्या गेल्या, असा त्याचा निष्कर्ष होता, आणि मेलेल्यांपैकी तिघे अल्पवयीन होते असेही त्यात नमूद होते. मे २०२२ मध्ये तो जाहीर झाला, तेव्हा आमच्या गटावर त्याबद्दल कोणी अवाक्षर काढले नाही. मीही नाही.

बदलापूरच्या बाबतीत दंडाधिकाऱ्यांचा अहवाल जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयासमोर आला. पिस्तुलावर आरोपीच्या बोटांचे ठसे नव्हते आणि त्याच्या मृत्यूला पाच पोलीस जबाबदार आहेत, असे त्यात म्हटले होते. एप्रिलमध्ये न्यायालयाने विशेष तपास पथक नेमून गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. दरम्यान आरोपी मेल्यामुळे त्याच्यावरचा खटला संपला होता. शाळेत त्या दिवसांत नेमके काय घडले आणि कोणी काय लपवले, याची उलटतपासणी त्याच्यापुरती आता कधीच होणार नाही. अहवाल आल्यावर ‘आमच्या पोलिसांची बदनामी थांबवा’ असा फलक कुठे लागतो का, म्हणून मी बरेच दिवस पाहत होते. मला तो दिसला नाही. ज्यांनी फटाके वाजवले होते, त्यांना त्या अहवालात धक्कादायक असे काहीच नव्हते.