अण्णा विक्षिप्त नाहीत

परवा भाची इंग्रजीचा अभ्यास करत होती. 'इडिओसिंक्रसी' या शब्दापुढे तिच्या गाइडमध्ये एकच अर्थ छापलेला: विक्षिप्तपणा. आणि उदाहरण दिलेलं एखाद्याच्या आगळ्या सवयीचं. तिनं मान वर करून विचारलं, "मावशी, मग आजोबा विक्षिप्त आहेत का गं?"

आमचे अण्णा बाहेर पडताना उंबरठ्याशी थांबतात. वरच्या खिशावर हात, मग डाव्या, मग उजव्या. "चष्मा, किल्ल्या, रुमाल," असं मोठ्यानं म्हणतात आणि मगच चप्पल घालतात. मला कळायला लागल्यापासून हेच बघतेय. तिचा प्रश्न मला फार लागला.

विक्षिप्त म्हणजे विखुरलेलं. योगशास्त्रात चित्ताच्या पाच अवस्था सांगतात, त्यात विक्षिप्तच्या पुढची पायरी एकाग्र. खिसे चाचपणारे अण्णा त्या क्षणी नेमके एकाग्र असतात!

मूळ शब्द ग्रीक. 'इडिओस' म्हणजे स्वतःचं, 'सिन' म्हणजे एकत्र, 'क्रासिस' म्हणजे मिश्रण. शरीरातल्या द्रवांचं ज्याचं त्याचं वेगळं मिश्रण, असा तो वैद्यकातला विचार होता. आपल्याकडे वात, पित्त, कफ यांच्या कमीजास्त प्रमाणाला प्रकृती म्हणतात, तसंच काहीसं. 'व्यक्ती तितक्या प्रकृती' हे आपण येताजाता म्हणतो, त्यात या शब्दाचा अर्थ जवळजवळ पुरता आला आहे. डॉक्टर आजही तो वापरतात: नेहमीच्या डोसमध्येही एखाद्यालाच औषधाची अनपेक्षित रिअ‍ॅक्शन येते, तेव्हा. (स्पेलिंगच्या शेवटी 'एसवाय' येतं ते या 'क्रासिस'मुळे. डेमोक्रसीच्या सवयीनं 'सीवाय' लिहिलं की चुकलं.)

सरसकट कुठल्याही सवयीला मात्र हा शब्द लावू नये. बशीत चहा ओतून पिणं ही इडिओसिंक्रसी नव्हे, तसे पिणारे घरोघरी आहेत. नखं खाणं ही नुसती सवय. दारू हे व्यसन. जे पाहिल्यावर एकच माणूस आठवतो, तिथे हा शब्द शोभतो.

मराठीत 'खोड' म्हटलं की दोष आला, 'तऱ्हा' म्हटलं की थोडी तक्रार आली. मला 'लकब' सगळ्यात जवळचा वाटतो. अरबीतून आलेला शब्द, तिकडे त्याचा अर्थ उपाधी, टोपणनाव. म्हणजे माणसाची ओळखच.

भाचीच्या वहीत 'विक्षिप्तपणा' खोडून मी 'लकब' लिहिलंय. बाईंनी चूक दिली तर मी स्वतः शाळेत जाऊन त्यांच्याशी बोलणार आहे.