दहा माशांची गोळी

सलग दोन उन्हाळे आमच्या परसातले वालाचे वेल हरणांनी खाल्ले. बुडापासून, सावकाश, पंगतीला बोलावल्यासारखे. शेजारचे म्हातारबुवा कुंपणापलीकडून म्हणाले, "नोव्हेंबरात चल माझ्याबरोबर." इथे विस्कॉन्सिनमध्ये थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारपासून नऊ दिवस बंदुकीनं हरणं मारण्याचा हंगाम असतो. त्या दिवसांत ऑफिसात माणूस शोधणं म्हणजे गणपतीत मुंबईत कोकणी माणूस शोधणं.

परवाना काढला, सुरक्षेचा वर्ग पास झालो, भडक नारिंगी जाकीट घेतलं. मग दुकानात जाऊन म्हणालो, "हरणाचं काडतूस द्या." काउंटरवरच्या माणसानं असं पाहिलं, की जणू मी वाण्याकडे जाऊन नुसतं "मसाला द्या" म्हणालो होतो. कुठला? गोडा, मालवणी, कांदा-लसूण?

मला वाटलं, काडतुसांच्या नावांतल्या आकड्यांवरून उलगडेल. मी इंजिनिअर आहे. पण '.३०-०६' मधलं ०६ हे १९०६ साल, आणि '.३०-३०' मधलं दुसरं ३० हे आतल्या मूळच्या बंदुकीच्या दारूचं वजन. .२७० च्या गोळीचा व्यास ०.२७७ इंच. .३०८ ची गोळी खरोखर ०.३०८ इंचाची निघाली तेव्हा मला गहिवरून आलं. मग कळलं, .३०-०६ ची गोळीसुद्धा तेवढ्याच जाडीची.

ऑफिसात विचारलं ही दुसरी चूक. हिशेबनीस .२७० वाला, कारण त्याचे वडील .२७० वाले. एकीनं .२४३ सुचवलं, तर तिघे "ते पोराटोरांचं" म्हणून हसले. २००७ साली आलेलं ६.५ क्रीडमूर म्हणजे घरातली नवी सून: तरुण मंडळी कौतुक करून दमत नाहीत, म्हातारी नाक मुरडतात. वाद हातघाईवर आला. हरणाला यातलं कुठलंही पुरतं, हे सगळ्यांनी मान्य केलं आणि पुन्हा भांडायला लागले.

म्हातारबुवांनी शेवटी आपली .३०-०६ हातात दिली. दस्ता खांद्याला नीट टेकव, असं ते सांगत होते. माझं लक्ष चापाकडे. रात्री बायको खांद्यावरच्या टपोऱ्या जांभळावर हळद लावत म्हणाली, "गोळी पुढून निघते ना रे?"

म्हणून .३०८ वर आलो. धक्का जरा कमी आणि आकडा खरं बोलणारा. सुटलो म्हणेपर्यंत दुकानदार म्हणाला, "किती ग्रेनची? १५०, १६५, १८०?" ग्रेन म्हणजे दाणा, सात हजार दाण्यांचा एक पौंड. मी "विचारून सांगतो" म्हणून पळ काढला.

त्या रात्री पेणहून आईचा व्हिडिओ कॉल. "हरणं मारायची? इकडे बहात्तरच्या वन्यजीव कायद्यानं आत टाकतील!" मी वालाचं सांगितलं. आई गप्प झाली. "कडवे वाल?"

"कडवे."

"मग काय अडलंय?"

अडलं होतं वजन. बोलता बोलता डोक्यात ट्यूब पेटली: इंग्रजांनी ठरवलेला तोळा बरोबर १८० ग्रेनचा! "आई, एक गोळी तोळाभराची येते."

"तोळाभर? एका हरणाला?" आईचा हात नकळत गळ्याकडे गेला. "काही नको. दहा माशांत भागव."

बारा माशांचा तोळा. म्हणजे मासा पंधरा ग्रेनचा. दहा मासे म्हणजे दीडशे.

दुसऱ्या दिवशी काउंटरवर छातीठोक सांगितलं, "तीनशे आठ, दीडशे ग्रेन."

"हरणासाठी उत्तम," तो म्हणाला. "कुणी सांगितलं?"

"आमच्या आईनं."

त्यानं पहिल्यांदाच माझ्याकडे आदरानं पाहिलं आणि वीस काडतुसांचा डबा पुढे सरकवला. "माझ्याही घरात आईच ठरवायची."